अळीची कमाई, पतंगाचा संसार

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



कीटकाच्या रूपांतराविषयी एक गोष्ट आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेली असते. अळी कोष विणते, कोषात तिचा पार रस होतो आणि त्या रसातून पतंग नव्याने घडतो. ऐकायला चमत्कारिक आहे, म्हणून ती तोंडोतोंडी टिकली. पाठ्यपुस्तकांतही ती अधूनमधून डोकावते. पण ती खरी नाही. कोषातल्या प्युपाला धक्का लागून कातडी फुटली तर आतून दाट, पिवळसर द्रव बाहेर येतो हे खरे. त्यावरूनच ही समजूत पसरली असावी. त्या द्रवात काय आहे, तो कुठून आला आणि कुठे जाणार आहे, हे आजच्या व्याख्यानाचे सूत्र आहे.

आत सगळे विरघळत नाही, याचे पुरावे आता भक्कम आहेत. 2013 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी ‘पेंटेड लेडी’ या फुलपाखराच्या जिवंत कोषाच्या क्ष-किरण सूक्ष्म-सीटी प्रतिमा दिवसामागून दिवस घेतल्या. हे फुलपाखरू आपल्याकडेही दिसते. कोषात गेल्यावर पहिल्या दिवसातच श्वासनलिकांचे जाळे त्यांना स्पष्ट दिसले. त्याआधी, 2008 मध्ये, अमेरिकेत तंबाखूवरच्या स्फिंक्स पतंगावर एक प्रयोग झाला होता. शेवटच्या अवस्थेतल्या अळ्यांना एका विशिष्ट वासाबरोबर विजेचा सौम्य झटका दिला. त्या अळ्यांचे पतंग झाल्यावरही ते तो वास टाळत राहिले. मेंदूचा रस झाला असता तर ही आठवण कुठे टिकली असती?

म्हणजे काही ऊती मोडतात, काही टिकतात आणि काही नव्याने उभ्या राहतात. कोषाच्या आत बाहेरून अन्न येत नाही, पाणी येत नाही. तरीही पंख, पाय, डोळे, मिशा आणि शेकडो अंडी तयार होतात. हे सगळे मुख्यतः प्रथिनांचे काम आहे. म्हणून प्रथिनांचा माग काढला की रूपांतराची हकीकत हाती लागते. त्यासाठी मी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा प्राणी निवडला आहे: तुतीवरचा रेशीमकिडा, बॉम्बिक्स मोरी.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते सर प्रयोगशाळेत दोन प्रश्न विचारल्याशिवाय कुठलाही आकडा वहीत लिहू देत नसत. कुठल्या ऊतीचा? आणि कुठल्या दिवसाचा? ‘पाचव्या अवस्थेतली अळी’ एवढे सांगून भागत नसे. पाचव्या अवस्थेचा कितवा दिवस, हे नळीवर लिहावेच लागे. ही शिस्त किती मोलाची आहे ते मला पुढे कळले, आणि माझे आजचे म्हणणे खरे तर एवढेच आहे. रूपांतरात प्रथिनांचे प्रमाण ‘वाढते’ किंवा ‘घटते’ असे मोघम विधान करता येत नाही. एका ऊतीतले प्रथिन घटते ते बहुतेक वेळा दुसऱ्या ऊतीत जमा झालेले असते. आणि पतंगाला जे काही लागणार आहे त्याचा फार मोठा भाग अळीने कोषात जाण्याआधीच कमावून ठेवलेला असतो.

आधी मोजमाप कसे करतात ते पाहू. अळीच्या पोटाखालच्या मांसल पायाचे टोक बारीक कात्रीने कापले की एक थेंब बाहेर येतो. हे तिचे रक्त, म्हणजे हिमोलिंफ. त्यात आपल्यासारखा लाल रंग नसतो, कारण प्राणवायू वाहून नेण्याचे काम त्याच्याकडे नाही. ते श्वासनलिका करतात. थेंब निघतो तेव्हा स्वच्छ, फिकट पिवळा असतो. तसाच उघड्यावर ठेवला तर काही मिनिटांत तपकिरी आणि मग काळपट होतो. जखम झाली की रक्तातले फिनॉलऑक्सिडेज हे विकर जागे होते, त्याचा हा परिणाम. म्हणून नळी बर्फात ठेवतात आणि तिच्यात फिनिलथायोयुरियाचा कण आधीच टाकून ठेवतात. मग त्या थेंबाचा अगदी थोडा भाग ब्रॅडफोर्डच्या द्रावणात मिसळायचा. 1976 पासून जगभर वापरात असलेली ही पद्धत आहे. तपकिरी द्रावण प्रथिन मिळताच निळे होते. जितके प्रथिन जास्त, तितका निळा गडद. त्याआधी बहुतेक ठिकाणी 1951 ची लौरीची पद्धत वापरत.

पण हा झाला एकूण प्रथिनांचा आकडा. खरी गंमत जेलवर, म्हणजे प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या थरावर, दिसते. पाचव्या अवस्थेच्या पहिल्या दिवसापासून कोष विणायला लागेपर्यंत रोजचा एकेक नमुना जेलवर शेजारी शेजारी चालवला आणि जेल रंगवून प्रकाशाच्या पेटीवर ठेवले, की पहिल्या रकान्यात फिकट पट्ट्या दिसतात. जसजसे दिवस पुढे सरकतात तसतशा दोन ठिकाणच्या पट्ट्या ठळक होत जातात: एक सुमारे 80 हजार डाल्टन वजनाजवळ, दुसरी 30 हजारांजवळ. शेवटच्या रकान्यांत त्या इतक्या जाड होतात की शेजारची बाकीची प्रथिने त्यांच्यापुढे दिसेनाशी होतात. आणि कोष विणून झाल्यावरच्या नमुन्यात 80 हजारांची पट्टी एकदम उतरते. ती कुठे गेली याकडे मी येतोच. त्याआधी पाचवी अवस्था नीट समजून घ्यायला हवी.

शेतकरी मंडळींना हे सांगायला नको. अळी अंड्यातून निघते तेव्हा तिचे वजन अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि पंचवीसेक दिवसांत ते सुमारे दहा हजारपट होते. चार वेळा ती मोल्टला बसते, कात टाकते. एकूण पाल्यापैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त पाला ती एकट्या पाचव्या अवस्थेत खाते, म्हणजे सात-आठ दिवसांत. त्या आठवड्यात संगोपनगृहात पाला टाकला की पावसाची सर आल्यासारखा आवाज येतो. रात्री-अपरात्री उठून पाला टाकताना तुम्ही त्या प्राण्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार पाहत असता. कारण तिच्यापासून जो पतंग होणार आहे त्याला चालते तोंडच नाही. तो आयुष्यात काही खाणार नाही. त्याच्या वाटचे जेवण अळी आताच जेवते आहे.

या खाण्यातून आलेल्या अमिनो आम्लांना दोन मोठी गिऱ्हाइके आहेत: रेशीमग्रंथी आणि मेदपिंड.

रेशीमग्रंथीविषयी थोडे सविस्तर बोलावे लागेल, कारण प्रथिन बनवण्याच्या कामात तिची बरोबरी करील अशी ऊती प्राणिसृष्टीत क्वचितच असेल. अळीच्या शरीराच्या दोन्ही बाजूंना वेटोळे घातलेल्या या लांब नळ्या. नळीच्या भिंतीत पेशींचा एकच थर. अळी वाढते तशा या पेशी संख्येने वाढत नाहीत, फक्त आकाराने वाढतात. पेशी दुभंगत नाही, पण आतल्या डीएनएच्या प्रती पुन्हा पुन्हा होत राहतात, आणि शेवटी एकेका केंद्रकात जनुकसंचाच्या लाखो प्रती जमतात. केंद्रक फांद्याफांद्यांचे होऊन साऱ्या पेशीभर पसरते. ग्रंथीच्या मागच्या भागात फायब्रॉइन बनते, म्हणजे धाग्याचा गाभा. मधल्या भागात सेरिसिन, म्हणजे धागा चिकटवणारा डिंक.

1972 मध्ये अमेरिकेतल्या बॉल्टिमोर इथल्या कार्नेगी संस्थेच्या प्रयोगशाळेत योशिआकी सुझुकी आणि डोनाल्ड ब्राऊन यांनी याच ग्रंथीतून फायब्रॉइनचा संदेशवाहक आरएनए वेगळा काढला. तो काळ असा होता की एखाद्या ठरावीक प्रथिनाचा संदेश शुद्ध स्वरूपात हाती येणे हीच मोठी बातमी होती. त्यांनी हिशेब मांडला तो असा. फायब्रॉइनच्या एका जनुकावरून सुमारे दहा हजार संदेशरेणू तयार होतात आणि एकेका संदेशावरून सुमारे एक लाख प्रथिनरेणू. म्हणजे एका जनुकामागे 100 कोटी रेणू, आणि तेही साधारण चार दिवसांत. प्रत्येक पेशीत असे जनुक लाखोंनी आहेत हे लक्षात घ्या. पुढे असेही दिसले की अळी मोल्टला बसली की हे जनुक बंद होते आणि कात टाकून पुन्हा खायला लागली की चालू होते. तुम्ही मोल्टमध्ये पाला थांबवता त्या वेळी आत फायब्रॉइनचे कामही थांबलेले असते.

फायब्रॉइनची घडण बेताची आहे. ग्लायसिन, ॲलनिन आणि सेरिन ही तीन साधी, लहान अमिनो आम्ले मिळून त्याचा बहुतांश भाग होतो. पाल्यातून आलेला नायट्रोजन या साध्या आम्लांच्या रूपाने धाग्यात जातो आणि शरीराबाहेर पडतो. दोन ग्रॅमच्या चांगल्या दुबार कोषात कवचाचे वजन 0.4 ग्रॅमच्या आसपास असते आणि ते जवळजवळ सगळे प्रथिन असते. हे प्रथिन पतंगाच्या हिशेबातून कायमचे वजा झाले; ते निवाऱ्यावर खर्ची पडले. आपण माणसे त्याच खर्चावर जगतो.

आता दुसरे गिऱ्हाईक: मेदपिंड. नाव ऐकून ती फक्त चरबी असावी असे वाटते. प्रत्यक्षात कीटकाचे हे सर्वांत उद्योगी अंग आहे. आपल्या शरीरात यकृत जी कामे करते त्यांतली पुष्कळ तिथे हे करते. पांढऱ्या, चिवट पट्ट्यांच्या रूपात ते कातडीखाली आणि आतड्याभोवती पसरलेले असते. पाचव्या अवस्थेत ते साठवणीची प्रथिने बनवून रक्तात सोडते. जेलवर जाड होत जाणारी 80 हजारांची पट्टी ती हीच. अशा सहा साखळ्या एकत्र येऊन एक मोठा रेणू होतो, सुमारे पाच लाख डाल्टनचा. शास्त्रज्ञ त्याला हेक्झामेरिन म्हणतात. निळ्या माशीच्या अळीत तर पूर्ण वाढीच्या वेळी रक्तातल्या प्रथिनांचा बराचसा भाग या एकाच कुळातल्या प्रथिनाचा असतो.

या कुळाचा पूर्वेतिहास मला नेहमी थक्क करतो. खेकडे आणि कोळंबी यांच्या रक्तात हिमोसायनिन नावाचे प्रथिन प्राणवायू वाहते. त्यात तांबे असते, म्हणून ते रक्त निळसर दिसते. कीटकांची हेक्झामेरिने त्याच हिमोसायनिनापासून निघाली आहेत. कीटकांकडे श्वासनलिका आल्या, प्राणवायू वाहण्याची गरज सरली, रेणूने तांबे धरण्याची जागा गमावली. पण इतके मोठे, पाण्यात सहज विरघळणारे आणि भरपूर प्रमाणात बनवता येणारे प्रथिन टाकून दिले गेले नाही. ते अन्नसाठा म्हणून वापरात आले.

1980 च्या सुमारास जपानमध्ये सुमिओ तोजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशीमकिड्यातली अशी दोन प्रथिने वेगळी करून दाखवली. पहिल्यात मेथिओनिन या गंधकयुक्त अमिनो आम्लाचे प्रमाण जास्त. आधीच्या अवस्थांत ते नर-मादी दोघांत असते. शेवटच्या अवस्थेत मात्र नरात ते नाहीसे होत जाते आणि मादीत प्रचंड वाढते. मादी अळी पुढे घालायच्या अंड्यांची तजवीज अळी असतानाच करते, असा याचा अर्थ. दुसरे प्रथिन दोघांतही असते आणि त्यात फिनिलॲलनिन व टायरोसिन ही वलयी अमिनो आम्ले विपुल. त्यांचा उपयोग पुढे येईल.

आता ती उतरलेली पट्टी. अळी पाला सोडते, कोष विणण्यासाठी ठेवलेल्या चंद्रिकेवर चढते, धागा सोडू लागते. या वेळी मेदपिंड प्रथिन बनवायचे जवळजवळ थांबवते. साधा विचार केला तर त्यातले प्रथिन घटायला हवे. मोजून पाहिले तर ते भराभर वाढते! कारण मेदपिंडाने स्वतःच रक्तात सोडलेले प्रथिन ते आता परत आत ओढून घेते. पेशींत त्याचे गोल, घट्ट कण दिसू लागतात आणि थोड्याच वेळात पेशी त्यांनी भरून जाते. या उलट्या वाहतुकीचा उलगडा 1960 च्या दशकात मायकेल लॉक आणि जे. व्ही. कॉलिन्स यांनी केला. त्यांनी निवडला होता कर्दळीची पाने खाणारा अमेरिकेतला एक कीटक, कॅल्पोडेस. त्यांनी अळीच्या रक्तात हॉर्सरॅडिश नावाच्या कंदमुळातले परके विकर टोचले. ते विकर कुठे जाते ते रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ठरावीक वेळेनंतर ते मेदपिंडाच्या कणांत सापडले. कीटकाने ते बनवणे शक्यच नव्हते. अर्थात, ते रक्तातूनच आत गेले होते.

विद्यार्थी मित्रांनी इथे थोडे थांबावे. अळी धागा सोडू लागते त्या दिवशी कोणी फक्त मेदपिंड मोजले असते तर ‘प्रथिननिर्मिती वाढली’ असा निष्कर्ष काढला असता, आणि तो साफ उलटा ठरला असता. कोणी फक्त रक्त मोजले असते तर ‘प्रथिने नष्ट झाली’ म्हटले असते, तेही चूक. आणि कोणी अख्खी अळी वाटून मोजली असती तर त्याला फारसे काही घडलेले दिसलेच नसते. ऊतीतली पातळी म्हणजे तयार झालेले, मोडलेले, आलेले आणि गेलेले या चारांचा ताळेबंद. आजही प्रकल्प-अहवालांत अख्ख्या प्युपाचे एकूण प्रथिन देऊन विषय मिटवलेला दिसतो, तेव्हा मला वाईट वाटते. इतकी मेहनत आणि खरी हालचाल नजरेतून निसटून जाते.

हे सगळे ठरल्या वेळी कोण घडवतो? पोलंडमधल्या स्टेफान कोपेच या शास्त्रज्ञाने जिप्सी मॉथ या पतंगाच्या अळ्यांचे मेंदू बारीक शस्त्रक्रिया करून काढले. ठरावीक दिवसाच्या आधी मेंदू काढला तर अळी प्युपात जात नाही. त्या दिवसानंतर काढला तर बिनमेंदूची अळीही प्युपात जाते. मेंदू रक्तात काहीतरी सोडतो, असे त्यांनी 1917 ते 1922 च्या दरम्यान लिहून ठेवले. कीटकांना संप्रेरके असतात हे तेव्हा कोणाला पटणारे नव्हते. दुसऱ्या महायुद्धात, 1941 मध्ये, नाझींनी कोपेच यांना ठार मारले. त्यांच्या संशोधनाला मिळायला हवे होते ते स्थान नंतर मिळाले.

1940 मध्ये जपानच्या सोइची फुकुदा यांनी रेशीमकिड्याच्या छातीतली एक ग्रंथी या कामात असल्याचे दाखवले. त्या ग्रंथीतले संप्रेरक शुद्ध स्वरूपात मिळायला 1954 साल उजाडले. जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी 500 किलो रेशीमकिड्यांचे प्युपे घेतले आणि त्यातून फक्त 25 मिलिग्रॅम स्फटिक मिळाले. ते एक्डायसोन. इतक्या सूक्ष्म प्रमाणात असलेला पदार्थ अख्ख्या प्राण्याचे रूप पालटतो. त्याच्या जोडीला मेंदूमागच्या ग्रंथीतले जुवेनाइल हार्मोन असते. ते भरपूर असताना एक्डायसोन आले तर अळीची पुन्हा अळीच होते, मोठी. पाचव्या अवस्थेत जुवेनाइल हार्मोन ओसरते, आणि मग आलेले एक्डायसोन कोषाकडे नेते. रेशीम व्यवसायात या दोन्ही संप्रेरकांच्या ज्ञानाचा उपयोग झाला आहे. वनस्पतींतून मिळणारे एक्डायसोनसारखे पदार्थ पाल्यावर फवारले की अळ्या एका वेळी पिकतात. जुवेनाइल हार्मोनसारखे पदार्थ बेताने दिले तर अळी आणखी थोडे दिवस खाते आणि धागा वाढतो.

पण मला जास्त विचार करायला लावते ते वेगळेच. एक्डायसोन रक्तातून सगळ्या ऊतींना एकसारखेच पोचते. रेशीमग्रंथी त्याच संप्रेरकाने मरते आणि पंखाची कळी त्याच संप्रेरकाने फुलते. मेदपिंड त्यानेच रक्तातले प्रथिन आत ओढते. फरक संदेशात नाही, ऐकणाऱ्यात आहे: त्या पेशीत संप्रेरक धरणाऱ्या ग्राहक-प्रथिनाचा कुठला प्रकार आहे आणि कुठली जनुके आधीच उघडी ठेवलेली आहेत, यावर उत्तर ठरते.

रेशीमग्रंथीचे मरणही शिस्तीचे असते. धागा संपतो न संपतो तोच तिच्या पेशी आपलेच अंतरंग पोतड्यांत भरून पचवू लागतात, म्हणजे स्वभक्षण. त्यानंतर कॅस्पेज नावाची विकरे उरलेली चौकट कापतात. प्युपा झाल्यावर एक-दोन दिवसांत, चार दिवसांपूर्वी शरीरात सर्वांत ठळक असलेली ती ग्रंथी शोधूनही नीट सापडत नाही. तिच्यात उरलेल्या प्रथिनांची अमिनो आम्ले रक्तात परतलेली असतात. आतड्याचे तर आणखी विलक्षण. जुने अस्तर आतल्या पोकळीत गळून पडते आणि तळाशी दडलेल्या मूळ पेशींनी बांधलेले नवे अस्तर त्याला पचवून शोषून घेते. प्राणी आपलेच जुने आतडे जेवतो. प्युपा फुटल्यावर वाहणाऱ्या त्या दाट द्रवात हेच सगळे असते: रक्त, सुट्या झालेल्या मेदपिंडाच्या पेशी, विरघळणाऱ्या ऊतींचा उरलासुरला अंश.

हे सगळे घडत असताना प्युपाची कातडी फार कोवळी असते. म्हणूनच चंद्रिकेवर अळ्या चढवल्यावर घाई न करता पाचव्या-सहाव्या दिवशी कोष काढा असे सांगतात. आधी काढले तर कोवळा प्युपा फुटतो आणि कोष आतून डागाळतो.

प्युपाच्या पहिल्या दिवसांत प्राणवायूचा वापर खाली जातो आणि पतंग बाहेर पडायच्या सुमारास पुन्हा चढतो. आलेख काढला तर इंग्रजी ‘यू’सारखा दिसतो. उतरत्या बाजूला मोडणे जास्त, चढत्या बाजूला बांधणे जास्त. मेदपिंडातले कण आता हळूहळू विरघळू लागतात. दुसऱ्या साठवण-प्रथिनातले टायरोसिन पतंगाच्या नव्या कातडीकडे जाते. तिथे त्यापासून झालेले पदार्थ प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना बांधतात आणि मऊ कातडी टणक होते. पतंगाच्या पायाचा कडकपणा, डोक्याचे कवच हे सगळे अळीने कोषात जाण्याआधी खाल्लेल्या तुतीच्या पानातून आलेले असते. निरुपयोगी नायट्रोजन युरिक आम्ल होऊन साठतो आणि पतंग बाहेर पडताना तांबूस द्रवाच्या रूपात टाकून देतो.

मादीत या काळात वेगळेच काम जोरात चालते. 1954 मध्ये विल्यम टेल्फर यांनी अमेरिकेतल्या सिक्रोपिया या मोठ्या रेशीमपतंगावर काम करताना दाखवले की मादीच्या रक्तात एक खास प्रथिन असते आणि वाढत्या अंड्यांत ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट साठते. अंडे ते स्वतः बनवत नाही, रक्तातून घेते. 1969 मध्ये टेल्फर आणि सहकाऱ्यांनी अशा प्रथिनांना व्हायटेलोजेनिन हे नाव दिले. रेशीमकिड्यात हे प्रथिन मेदपिंड बनवते, आणि त्याची सुरुवात कोष विणण्याच्या सुमारालाच होते. त्यासाठी कच्चा माल लागतो, तो मेथिओनिनयुक्त साठवण-प्रथिनातून येतो. रेशीमकिड्याच्या अंड्यातल्या प्रथिनात साधारण चार दशांश हिस्सा व्हायटेलोजेनिनापासून आलेला आणि तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त त्या 30 हजारांच्या पट्टीतल्या प्रथिनांचा असतो. उरलेले अंडाशयातच तयार होते. केंद्रातून आपण जे अंडीपुंज आणता, त्यातल्या एकेका पुंजातली चार-पाचशे अंडी म्हणजे मागच्या पिढीतल्या एका अळीने पाचव्या अवस्थेत खाल्लेला पाला आहे. त्या अळीला निकस पाला मिळाला असेल तर त्याचा परिणाम बीजावर होतो. बीजकोषांच्या संगोपनात पाल्याच्या प्रतीवर इतका भर का देतात, त्याचे हे कारण.

बाहेर पडण्याच्या वेळी एक शेवटचे प्रथिन कामाला येते. पतंग तोंडाजवळच्या भागातून कोकूनेज नावाचे विकर सोडतो. ते डिंक, म्हणजे सेरिसिन, सैल करते आणि धागे बाजूला सारून पतंग वाट काढतो. 1964 मध्ये फोटिस काफाटोस आणि कॅरोल विल्यम्स यांनी हे टसर या रानरेशमाच्या गोतातल्या एका अमेरिकन पतंगात दाखवले. बाहेर पडायला पोटाच्या ज्या स्नायूंनी जोर लावला, ते पुढच्या एक-दीड दिवसात विरघळतात. विल्यम्स यांचे विद्यार्थी रिचर्ड लॉकशिन यांनी या स्नायूंचा अभ्यास करताना ‘नियोजित पेशीमृत्यू’ ही संज्ञा वापरली. आज कर्करोगाच्या संशोधनात रोज उच्चारला जाणारा हा विचार पतंगाच्या पोटाच्या स्नायूंतून आला, याचे मला अप्रूप वाटते.

आता शेवटचा मुद्दा, आपल्या विदर्भापुरता. गडचिरोली, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागात ढिवर समाजाची माणसे पिढ्यानपिढ्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर पिकवतात. करवती साडीचा टसर इथलाच. टसरचा प्युपा तुतीच्या किड्यासारखा दहा-बारा दिवसांत पतंग होत नाही. शेवटच्या पिकाचे बीजकोष हिवाळा आणि उन्हाळा सुप्तावस्थेत काढतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी जागे होतात. कपाशीवरची गुलाबी बोंडअळीही सुप्तावस्थेत जाते, पण अळी असतानाच. टसरच्या प्युपाने मात्र पाच-सहा महिने साठवणीच्या प्रथिनांना हात न लावता राहायचे असते, आणि तेही आपल्या उन्हाळ्यात. काही कोषांतून पतंग अवेळी निघतात, त्यांना जोडीदार मिळत नाही, बीज वाया जाते. काही प्युपे उन्हात मरतात. हे नुकसान ज्यांच्या घरात होते त्यांना त्याची झळ पुरेपूर ठाऊक आहे.

या प्युपाच्या मेदपिंडात डिसेंबरात किती साठवण-प्रथिन असते, मार्चमध्ये किती, मे अखेरीस किती? जो पतंग अवेळी निघतो त्याच्या साठ्यात आणि वेळेवर निघणाऱ्याच्या साठ्यात फरक असतो का? सावलीच्या, गार जागी ठेवलेल्या कोषांचा साठा जास्त टिकतो का? हे प्रश्न इथल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हाताळता येण्यासारखे आहेत. जेलचा डबा, बर्फ, ब्रॅडफोर्डचे द्रावण, बारीक कात्री आणि चिमटा एवढी सामग्री पुरते. कोष ढिवर कुटुंबांकडून योग्य मोबदला देऊन घ्यावेत, त्यांची निरीक्षणेही तारखेसकट लिहून घ्यावीत, आणि निष्कर्ष प्रबंधात ठेवण्याआधी त्यांच्या हाती मराठीत द्यावेत. नळीवर ऊतीचे नाव आणि दिवस लिहावा. यंदाचे बीजकोष साठवणीत जातील तेव्हा पहिला नमुना घ्यायला जे विद्यार्थी तयार असतील, त्यांनी व्याख्यान संपल्यावर मला जरूर भेटावे.